ग्वाल्हेरचा मेळा कसा करायचा: एकदा नाही, तीनदा

दर डिसेंबरात इंदूरच्या वन्संचा फोन येतो, "वहिनी, मेळा लागला का, आम्ही सव्वीस जानेवारीला जोडून येतोय." आणि दर वर्षी मी सांगते की वन्सं, सव्वीस सोडून कधीही या, आणि दर वर्षी त्या सव्वीसलाच येतात. मग संध्याकाळी सात वाजता आत शिरून पाऊण तास झालेला असतो तरी आम्ही सगळे अजून पहिल्याच चौकात कुणाच्या तरी पाठीला नाक लावून उभे, झुल्याची लाइन संपत नाही, शालीच्या दुकानात दुकानदाराचं तोंड दिसत नाही, आणि शेवटी एकेक सॉफ्टी खाऊन घरी. मग इंदूरला जाऊन सांगायचं की ग्वाल्हेरच्या मेळ्यात काही नसतं हो, नुसती गर्दी. म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून टाकते, म्हणजे वन्संना नुसतं पाठवून देता येईल आणि बाकी पुण्या-नागपूरच्या पाव्हण्यांनाही.

पहिली गोष्ट म्हणजे हा मेळा एका दिवसात होत नाही. १०४ एकर जागा आहे. आम्ही लष्करवाले, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारे, तो तीनदा करतो, एकदा बघायला, एकदा घ्यायला आणि एकदा मेळा उठताना. सुट्टीचा दिवस या तीनात धरायचाच नाही, तो वेगळा, त्याचं पुढे सांगते.

मुळात हा काही प्लास्टिकची खेळणी आणि सोफासेट विकायला सुरू झालेला मेळा नव्हे. माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ मध्ये सागरतालला सुरू केला तो जनावरांचा मेळा म्हणून. शेतकऱ्याला बैल-म्हैस चांगली मिळावी, विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळावं, एवढा साधा हिशोब. १९१८ मध्ये तो आत्ताच्या रेसकोर्स रोडच्या जागी आला आणि मग जनावरांच्या बाजूला कापड आलं, भांडी आली, तमाशे-झुले आले, आणि आता तर शोरूमच्या गाड्या. १९८४ मध्ये राज्यस्तरीय व्यापार मेळ्याचा दर्जा मिळाला. आता मेळ्याच्या पूर्ण नावातही (श्रीमंत माधवराव सिंधिया ग्वाल्हेर व्यापार मेळा) माधवराव आहेत आणि सुरू करणारेही माधवराव, शिंद्यांच्या घरात आजोबा-नातवाचं नाव एकच, त्यामुळे बाहेरचे लोक हमखास गोंधळतात, तुम्ही नका गोंधळू, नावातले नातू आणि सुरू करणारे आजोबा, १९२५ मध्ये वारले ते.

पूर्वी सबलगड, श्योपूरकडची मंडळी छोट्या लाइनच्या (नॅरोगेज) गाडीनं यायची, टपावर सुद्धा बसायची, ती गाडी २०२० पासून बंदच आहे. आता बरीचशी बसनं नाहीतर ट्रॅक्टर-ट्रॉलीनं येते.

तारखांचं असं की कागदावर मेळा २५ डिसेंबर ते २५ फेब्रुवारी. पण २५ डिसेंबरला जाल तर काय दिसेल, अर्ध्या दुकानांचे शटर खाली, कुठे रंगकाम, कुठे झुल्याचे लोखंडी पाय ट्रकमधून उतरतायत, आणि एक सॉफ्टीवाला मात्र फुल तयार. मेळा खरा भरतो जानेवारीचा पहिला आठवडा उलटल्यावर. मागच्या टोकाला कधीकधी दुकानदार मुदत वाढवून मागतात आणि मिळतेही, पण त्या भरवशावर राहू नका.

आता पहिली फेरी. जानेवारीच्या सुरुवातीला, कामाचा दिवस, सकाळी. होय, सकाळी, मला माहितीये की सकाळी मेळा झोपलेला असतो, पण जनावरं झोपत नाहीत. ज्यांना शेतीशी काही घेणंदेणं नाही त्यांनीही एकदा पशुमेळ्याच्या बाजूला जाऊन यावं असं माझं मत, कारण बाकी सगळं मॉलमध्ये मिळतं, हे नाही मिळत. पूर्वीसारखा मोठा तो राहिलेला नाही, बैल तर ट्रॅक्टरनं संपवलेच, पण म्हशी असतात, आणि हा भाग लवकर आटोपतो, संक्रांतीनंतर गेलात तर नुसते खुंटे दिसतील.

माझ्या बाबांची ग्वाल्हेरजवळच्या डबरा गावाकडे शेती, त्यामुळे म्हैस कशी घ्यायची हे मी शाळेत असल्यापासून बघत आलेय. तर ज्यांना खरंच घ्यायचीये त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते, बाकीच्यांनी हा भाग सोडून गाड्यांवर जा.

आमच्याकडे दोन प्रकार मुख्य बघायला मिळतात. मुऱ्हा, म्हणजे काळीभोर, शिंगं जिलबीसारखी आत वळलेली, दूध भरपूर. आणि भदावरी, ही आपल्याच बाजूची, भिंड-इटावा-आग्र्याकडची, अंगानं लहान, रंग तांब्यासारखा, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे, त्याला कंठी म्हणतात. भदावरी दूध कमी देते पण फॅट इतकं की तुपाचं घर म्हणा. डेअरीला दूध घालायचं असेल आणि चारा भरपूर असेल तर मुऱ्हा, घरचं तूप आणि कमी चाऱ्यात भागवायचं असेल तर भदावरी. दलाल तुम्हाला साधी गावठी म्हैस मुऱ्हा म्हणून दाखवणारच, म्हणून आधी शिंगं बघा.

मग वय. तोंड उघडून खालचे पुढचे दात बघायचे, वरच्या बाजूला पुढे दात नसतातच, ते बघून घाबरू नका, माझी पुण्याची मावसबहीण घाबरली होती की म्हातारी आहे वाटतं. पक्के दोन दात आले म्हणजे दुसा, चार म्हणजे चौसा, मग सहादाती, आणि आठी दात आले की जुळली. म्हशीचे पहिले दोन पक्के दात अडीच-तीन वर्षांच्या आसपास येतात, त्यावरून अंदाज बांधा. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची म्हैस घेतलेली बरी, पहिलारूचं दूध किती चढेल ते अजून कुणालाच माहिती नसतं.

आणि दूध. इथे बाबा एकदा चांगलेच फसले. संध्याकाळी गेले, कास भरून टम्म, विकणारा म्हणाला समोर काढून दाखवतो, काढलं, बादली भरली, बाबा खूष, पैसे मोजले. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी निम्मं दूध. झालं असं होतं की त्या माणसानं सकाळची धार काढलीच नव्हती, दोन वेळचं दूध एका वेळी दाखवलं. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे, एक धार बघून म्हैस घ्यायची नाही. संध्याकाळी जायचं, समोर पूर्ण काढायला लावायचं, ते दूध हिशोबातच धरायचं नाही, मग सकाळी पुन्हा जाऊन मोजायचं आणि जमलं तर त्याच संध्याकाळी परत. चारही सड स्वतः पिळून बघायचे, एखादा बंद असतो, दुधात गाठी किंवा रक्ताचा धागा दिसला तर सरळ पुढे चालायला लागा. तिचं रेडकू बरोबर आहे का आणि ते तिचंच आहे का तेही बघा, ती त्याला हुंगते-चाटते की लाथ मारते त्यावरून कळतं.

कानात पिवळा टॅग असतो, बारा आकडी नंबर, तो असेल तर लसीकरणाची नोंद निघू शकते, लाळ्या-खुरकुताची लस झालीये का विचारा, आमच्याकडे त्याला खुरपका-मुँहपका म्हणतात. आणि पावती घेतल्याशिवाय जनावर गाडीत चढवू नका, रस्त्यात कागद मागतात आणि मग रात्री बारा वाजता थंडीत म्हशीसकट उभं राहावं लागतं. बाबांच्या काळात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे, बाजूच्याला पत्ता लागायचा नाही कितीत सौदा झाला ते, आता सगळे मोबाइलवर फोटो पाठवून घरी विचारतात.

त्याच फेरीत सरकारी खात्यांच्या प्रदर्शनाकडेही एक चक्कर मारा. लोक तिकडे फुकट पेन आणि पिशवी घ्यायला जातात, पण शेतीच्या स्टॉलवर बसलेला माणूस त्या दिवशी रिकामा असतो आणि मोहरीचा सीझन असतो. आमच्या ग्वाल्हेर-चंबळमध्ये जानेवारीत मोहरी फुलावर असते आणि नेमका तेव्हाच मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडतो, तर मावा पडलेली फांदी प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन जा आणि दाखवून विचारा, बाबा असंच करायचे. नुसतं "पिकाला कीड लागलीये" असं सांगितलं की नुसतं पत्रक हातात मिळतं.

आता गाड्या. खरं सांगायचं तर आजकाल अर्धं ग्वाल्हेर मेळ्याची वाट बघतं ते यासाठीच. मेळ्यात गाडी घेतली की आरटीओच्या लाइफटाइम टॅक्समध्ये ५० टक्के सूट. सूट फक्त टॅक्सवर, गाडीच्या किमतीवर नाही, जीएसटीवर नाही, इन्शुरन्सवर नाही. म्हणजे समजा तुमच्या गाडीचा टॅक्स ८० हजार बसत असेल तर ४० वाचले, "मेळ्यात गाडी अर्ध्या किमतीत" असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते सोडा.

यात खाचखळगे आहेत. पहिलं म्हणजे ही सूट आपोआप लागत नाही, शासन त्या-त्या वर्षी वेगळा निर्णय काढतं, आणि तो बरेचदा मेळा सुरू होऊन गेल्यावर येतो. माझे धाकटे दीर एका वर्षी पहिल्याच आठवड्यात उत्साहात गाडी घेऊन आले, सेल्समन म्हणाला सूट लागणारच आहे भैया, रजिस्ट्रेशन करून टाकू, टाकलं, पूर्ण टॅक्स भरला, आणि आदेश आला त्यानंतर. शोरूमवाल्यानं हात वर केले. तेव्हा बुकिंग करा हवं तर, पण आदेश निघाल्याचं पेपरात स्वतः वाचल्याशिवाय रजिस्ट्रेशन होऊ देऊ नका, बुकिंगच्या पावतीवर तसं लिहून घ्या.

दुसरं, गाडी मेळ्यातल्या डीलरकडूनच घ्यायची आणि पक्कं रजिस्ट्रेशन ग्वाल्हेर आरटीओचंच करायचं, म्हणजे नंबर एमपी ०७ येणार. वन्संच्या मिस्टरांना इंदूरचा ०९ हवा होता आणि सूटही हवी होती, दोन्ही होत नाही. बाहेरगावचे डीलरही येतात, पण त्यांना ग्वाल्हेर आरटीओकडून व्यवसाय प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि मेळ्यात प्रत्यक्ष दुकान लावावं लागतं, तर ते आहे का विचारायला लाजू नका.

तिसरं, आणि हे कुणी सांगत नाही, डिसेंबरच्या सुरुवातीलाच दोन शोरूममधून त्याच गाडीचं ऑन-रोड कोटेशन कागदावर घेऊन ठेवा. वर्ष संपताना कंपन्या जुना स्टॉक काढायला सूट देतात, आणि मेळ्यात टॅक्स अर्धा झाला की बाकीची सूट हळूच गायब झालेली असते. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकूण बेरीज बघा. कधीकधी डिसेंबरातली गाडी स्वस्त पडते, फक्त तिच्यावर जुनं वर्ष लागतं.

दुसरी फेरी म्हणजे खरेदीची, संक्रांतीच्या आसपास ते जानेवारी अखेर, पुन्हा कामाचाच दिवस, दुपारी दोन-अडीचला. या वेळी ऊन असतं, दुकानदार जेवून बसलेला असतो, आणि बोलायच्या मूडमध्ये असतो. आधी कोहरा (धुकं) असतो आणि नंतर गर्दी, ही मधली तीन तासांची खिडकी पकडायची.

लष्करातल्या आम्हा बायकांसाठी मेळा म्हणजे वाण. संक्रांत चौदाची असली तरी हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे घाई करायची गरज नाही, उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याच्या चिनीमातीचे सगळे ठेले लागू द्या आणि मग जा. छोट्या बरण्या, लोणच्याच्या वाट्या, दिवे, मग, सगळं मिळतं. साठ नग घ्यायचे असतील तर समोर मांडलेले घेऊ नका, पेटी उघडायला लावा, मांडलेल्या मालाला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा हात लागलेला असतो. प्रत्येक नग बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघायचा, चांगला खणखण वाजतो, बारीक चीर असली की बद्द आवाज येतो. साठ नगांना टिचक्या मारायला वीस मिनिटं लागतात आणि दुकानदार वैतागतो, वैतागू दे. चार-पाच जास्तीचे घ्या, घरी नेताना दोन फुटतातच आणि ऐन वेळी समोरच्या काकू दोन सुना घेऊन येतात.

शाली. काश्मिरी दुकानदार दर वर्षीचे ठरलेले, काही तर आमच्या सासूबाईंना ओळखतात. पश्मिना म्हणून जे ढीगच्या ढीग लावलेलं असतं ते पश्मिना नसतं, एवढं धरून चला आणि मग शाल आवडली तर घ्या, शाल म्हणून छानच असते. लोकर आहे का अ‍ॅक्रिलिक हे बघायचं असेल तर झालरीचा एक धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन काडी लावा, केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिक. अंगठीतून शाल काढून दाखवण्याचा खेळ बघायला मस्त, पण पातळ नायलॉनही अंगठीतून जातं हो.

फर्निचर सहारनपूरचं. शिसम सांगतात, असतंही, पण पुढून शिसम आणि मागून भलतंच असंही असतं, तर कपाट असेल तर मागची पाठ आणि खण बाहेर काढून त्याचा तळ बघा, तिथे पॉलिश नसतं, लाकूड खरं काय ते तिथे दिसतं. आणि कृपा करून आपल्या जिन्याचं माप घेऊन जा. आम्ही एका वर्षी तीन माणसांचा कोरीव सोफा घेतला, इतका सुंदर, टेम्पोनं आणला, आणि आमच्या जुन्या वाड्याच्या जिन्यात दुसऱ्या वळणावर तो असा अडकला की ना वर ना खाली, दोन तास सगळा वाडा त्याच्या वर-खाली अडकून बसला, खालच्या आजींना देवळात जायचं होतं, शेवटी सुतार बोलावून एक हात कापला. तो हात अजून माळ्यावर आहे.

मिक्सर-गीझर-हिटर असलं काही घ्याल तर छापील बिल घ्या ज्यावर दुकानाचा मेळ्याबाहेरचा पत्ता आहे. नुसत्या कोऱ्या चिठ्ठीवर "गॅरंटी एक साल" लिहून देतात, त्या चिठ्ठीची गॅरंटी मार्चपर्यंत सुद्धा नसते कारण मार्चमध्ये तिथे मैदान असतं. मी एक मिक्सर तसाच घेतलाय, म्हणून सांगतेय.

भावताव करायचा, पण मराठीत आपापसात बोलून भाव ठरवला तर दुकानदाराला कळत नाही असं समजू नका. ग्वाल्हेरात दुकान लावणाऱ्याला "जास्त सांगतोय, चल पुढे" एवढं मराठी चांगलं येतं, उलट तोच म्हणतो, "काकू, पुढे पण हाच भाव आहे." सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात, "भैया लास्ट बता दो" एकदाच म्हणायचं, आणि नाही जमलं तर खरंच निघायचं, नाटक म्हणून नाही. दुकानाचा आणि छत्रीचा नंबर लिहून ठेवा, छत्री म्हणजे पावसाची नव्हे, मेळ्यातली नंबर घातलेली घुमटी, मेळ्यात पत्ता छत्रीवरूनच सांगतात, नाहीतर "ते निळ्या पडद्याचं दुकान" शोधत फिराल आणि निळ्या पडद्याची चाळीस दुकानं असतात.

खाण्याचं. सॉफ्टी. कडाक्याच्या थंडीत, स्वेटर, वर शाल, कानाला मफलर आणि हातात सॉफ्टी, हे ग्वाल्हेरकर सोडून कुणाला पटत नाही, पण मेळ्यात सॉफ्टी नाही खाल्ली तर मेळा झालाच नाही. सॉफ्टी आधी आणि मंगोडे नंतर, हा आमच्या आजीचा क्रम, गरम खाऊन वर गार खाल्लं की घसा धरतो म्हणायची, शास्त्र मला माहिती नाही पण माझा घसा अजून धरलेला नाही. मंगोडे म्हणजे मुगाच्या डाळीची भजी, हिरव्या चटणीबरोबर, घाण्यातून निघताना समोर दिसले तरच घ्या. पापड ताटाएवढा, तो हातात धरून चालताना समोरच्याच्या केसात जातो, बाजूला उभं राहून खा. गजक (तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई) घरी न्यायचीच, मुरैन्याची, तिला २०२३ मध्ये जीआय टॅग पण मिळालाय. चिमटीत दाबली की भुगा व्हायला पाहिजे, चिवट ओढली गेली तर जुनी. हवाबंद डब्यात ठेवा, ओल लागली की संपली. आणि कुठलंही खाणं आधी भाव विचारून मग, प्लेट हातात आल्यावर विचारू नका.

आता सुट्टीचं बोलू, कारण मूळ भांडण तिथलंच आहे. मेळ्याच्या दोन महिन्यांत रविवार सोडून ज्या सुट्ट्या येतात त्यात सव्वीस जानेवारी सगळ्यात वाईट, त्या खालोखाल संक्रांत. वर आपल्याकडे एक भानगड आहे ती म्हणजे स्थानीय अवकाश. मध्य प्रदेशात प्रत्येक जिल्ह्याचा कलेक्टर वर्षातल्या काही सुट्ट्या फक्त आपल्या जिल्ह्यासाठी जाहीर करतो, म्हणून इंदूरला रंगपंचमीची जशी इंदूरची सुट्टी असते तशी इथली यादी इथली. तर बाहेरून येणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्याचं कॅलेंडर बघून इथलं काम ठरवू नये आणि इथल्यांनी मागच्या वर्षीची यादी यंदा धरू नये, नवीन आदेश बघावा. बँकेला आणि ट्रेझरीला ही सुट्टी बहुधा लागू नसते, म्हणजे नवऱ्याला सुट्टी आणि बँकवाल्या बायकोला नाही असा प्रकार होतो, आमच्याकडे झालाय. शिवाय जानेवारीत थंडी वाढली की शाळा अचानक बंद किंवा उशिरा, ती बातमी आदल्या रात्री येते, आणि त्या दिवशी दुपारी मेळ्यात पोरंच पोरं.

माझा नियम सोपा आहे. काम असेल तर रजा टाका आणि कामाच्या दिवशी जा. सुट्टीच्या दिवशी जायचंच असेल तर कामाची यादी घरी ठेवा, पाकिटात थोडे पैसे, आणि फक्त झुले, मौत का कुआँ, दंगल (म्हणजे कुस्त्या), सॉफ्टी. सुट्टीच्या दिवशी गर्दी हाच तमाशा असतो, तो बघायचा, त्यात भांडी घ्यायची नाहीत. चारच्या आधी आत, सातला बाहेर, बरोबर जेव्हा बाकीचं शहर आत येत असतं तेव्हा. गाडी अजिबात नेऊ नका, स्टेशनच्या बाजूनं आलात तर ई-रिक्षानं जवळच आहे, परतताना गेटवर रिक्षावाला जो आकडा सांगेल तो ऐकून हसा आणि गोला का मंदिरच्या दिशेनं थोडं चालत जा, भाव आपोआप उतरतो.

लहान मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी टाका, मोबाइलच्या भरवशावर राहू नका, गर्दीत नेटवर्क जातं. आणि एक छत्री ठरवा, हरवलो तर तिथे यायचं, असं म्हाताऱ्या माणसांनाही सांगा, कारण हरवतात मुलं नाही, सासूबाई हरवतात. आमच्या हरवल्या होत्या. मग लाउडस्पीकरवर आमच्या आडनावाची अशी काही मोडतोड झाली की त्या स्वतः जवळच उभ्या होत्या आणि शेजारणीला म्हणाल्या, बघा हो, कुणाची तरी म्हातारी हरवलीये.

झुल्यात बसवण्याआधी एक फेरी नुसती बघा, बार नीट लॉक होतोय का, चालवणारा मोबाइल बघतोय का झुला. पोरांना मंगोडे झुल्यानंतर.

कपड्यांचं एवढंच की दुपारी स्वेटर काढावासा वाटतो आणि सहा वाजता दात वाजतात, दोन्हीची तयारी ठेवा. मावठा (थंडीतला पाऊस) पडून गेला असेल तर दोन दिवस थांबा, आतल्या कच्च्या भागात चिखल होतो आणि त्यात साडी म्हणजे कल्याण. कोहऱ्यात दिल्लीकडच्या गाड्या तासन्‌तास लेट होतात, पाव्हण्यांनी त्याच दिवशीचं परतीचं तिकीट काढू नये.

तिसरी फेरी उठत्या मेळ्याची. मेळ्याचा शेवटचा आठवडा, संध्याकाळी. लांबून आलेल्या माणसाला जड माल परत न्यायचा नसतो, ट्रकचं भाडं पडतं, म्हणून गालिचे, पायपुसणी, लोखंडी कढया, चिनीमातीच्या मोठ्या कुंड्या, लाकडी पाट-स्टुलं यांचे भाव खरे या वेळी उतरतात. शाली फारशा उतरत नाहीत, त्या हलक्या असतात, तो पुढच्या गावी नेतो. चिनीमातीत या वेळी उरलंसुरलं असतं तेव्हा टिचकी दुप्पट वेळा. सेट मागू नका, सुटे नग उचला, सहाच्या सेटमधले उरलेले पाच कप मी कितीदा आणलेत, घरात पाहुणे पाचच्या वर आले तर सहावा मी स्टीलच्या पेल्यात पिते.

रक्कम रोख न्या, सुटे न्या, शेवटच्या दिवसांत दुकानदारालाही हिशोब मिटवायची घाई असते आणि नोटा समोर दिसल्या की शंभर-दोनशे आणखी सुटतात. दुकानात सामान बांधायला सुरुवात झाली असेल तर तिथेच उभं राहा, ज्या वस्तूला कागद गुंडाळायचा कंटाळा त्याला येईल ती तुमची.

आणि गालिचा घेणार असाल तर स्कूटरवर बांधायला दोरी घरूनच न्या, मेळ्यात दोरी सोडून सगळं मिळतं.